शिडाच्या शर्यतीत मीटर कुठे मिळतात, कुठे जातात

आयएलसीए 7 ही एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट. पूर्वी तिला लेझर म्हणत. लांबी 4.2 मीटर, नुसती हल, म्हणजे बोटीचं अंग, 59 किलोची, शीड 7.06 चौरस मीटरचं. या वर्गातल्या सगळ्या बोटी एकाच मापाच्या असतात, शीड आणि डोलकाठीत फेरफार चालत नाही. तरीही अर्ध्या तासाच्या शर्यतीत पहिला खलाशी वरचा मार्क, म्हणजे वारा येतो त्या बाजूचा वळणाचा बोया, वळतो तेव्हा पंधरावा शंभर-दीडशे मीटर मागे असतो. सरळ रेषेत शेजारी-शेजारी पळवल्या तर त्याच दोन बोटींत फार फरक दिसत नाही. मग एवढे मीटर गेले कुठे?

ते थोडेथोडे गेलेले असतात. सुरुवातीला दहा, चुकीच्या बाजूला गेल्यावर पंचवीस, दुसऱ्याच्या खराब वाऱ्यात राहून पंधरा, मार्कपाशी गर्दीत सापडून वीस. डावपेच म्हणजे या मीटरांचा हिशेब. तो मांडता आला की शर्यत कळू लागते. पुढे उदाहरणं आयएलसीएची दिली आहेत, पण तत्त्वं मुलांच्या छोट्या ऑप्टिमिस्ट बोटीपासून मोठ्या यॉटपर्यंत सगळ्यांना लागू पडतात.

आधी वाऱ्याचा जिना

कुठलीच शिडाची बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याशी साधारण 45 अंशांचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. वळून शीड दुसऱ्या बाजूला घेण्याला टॅक म्हणतात. वारा उजव्या अंगावर घेऊन चाललेली बोट स्टारबोर्ड टॅकवर, डाव्या अंगावर घेऊन चाललेली पोर्ट टॅकवर.

वरचा मार्क एक किलोमीटरवर असेल तर बोटीला प्रत्यक्षात सुमारे 1.4 किलोमीटर कापावे लागतात. वारा स्थिर असेल तर हे अंतर दोन टॅकमध्ये कापा की दहा टॅकमध्ये, बेरीज तीच. फक्त प्रत्येक टॅकला एक-दोन बोटींच्या लांबीइतकं नुकसान होतं, आणि हलक्या वाऱ्यात त्याहून जास्त.

आता मार्कच्या दिशेने एक रुंद जिना डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पायरी वाऱ्याला काटकोनात आहे. एका पायरीवरच्या सगळ्या बोटी बरोबरीत, मग त्यांच्यात बाजूचं अंतर कितीही असो. वारा फिरला की हा सगळा जिनाच फिरतो. एकाच पायरीवरच्या दोन बोटी शंभर मीटर अंतरावर आहेत आणि वारा दहा अंश उजवीकडे फिरला, तर उजवीकडची बोट एकदम 17 मीटर वरच्या पायरीवर जाते. नागमोडी वाटेने मोजलं तर हे जवळजवळ 25 मीटर होतात, म्हणजे सहा बोटींची लांबी. एवढे मीटर नुसत्या वेगाने मिळवायला पूर्ण शर्यत पुरणार नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. वारा ज्या बाजूला फिरणार त्या बाजूला आधीच असलेला फायद्यात. आणि कुठल्या बाजूला फिरणार हे माहीत नसेल तर इतरांपासून फार लांब जाऊ नये, कारण अंतर जितकं जास्त तितका फायदा किंवा तोटा मोठा.

दोन प्रकारचे फिरणारे वारे, दोन उलट उपाय

नवशिक्यांची सगळ्यात मोठी गडबड इथे होते, म्हणून जरा थांबून बघू.

पहिला प्रकार झोके घेणारा वारा. तो मधल्या दिशेच्या दोन्ही बाजूंना डुलत राहतो, पाच-दहा अंश इकडे, पाच-दहा अंश तिकडे, दर काही मिनिटांनी. जमिनीवरून येणारा वारा बहुधा असा असतो. तलावांवर तर हमखास. हैदराबादच्या हुसेनसागरावर चारही बाजूंनी इमारती आहेत, तिथे वारा एका जागी ठरतच नाही.

अशा वाऱ्यात नियम सोपा. वारा तुमच्या फायद्याचा फिरला, म्हणजे बोटीचं नाक मार्ककडे जास्त वळवता आलं, तर ती लिफ्ट. तिच्यावर चालत राहा. वारा नाकाकडे सरकून तुम्हाला मार्कपासून दूर ढकलू लागला तर तो हेडर. टॅक करा, म्हणजे तोच फिरलेला वारा दुसऱ्या टॅकवर लिफ्ट होतो.

हे डोळ्यांनी ओळखणं कठीण जातं, म्हणून होकायंत्र. समजा मधला वारा वायव्येकडून, म्हणजे 315 अंशांवरून आहे. स्टारबोर्ड टॅकवर तुमची दिशा 270 येईल आणि पोर्टवर 360. सुरुवातीच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दोन्ही टॅकवर चालून हे आकडे घ्या आणि मेणाच्या पेन्सिलीने डेकवर लिहा. शर्यतीत स्टारबोर्डवर 280 दिसले तर लिफ्ट, 260 दिसले तर हेडर. पोर्टवर उलटं: 350 म्हणजे लिफ्ट, 370 म्हणजेच 10 दिसले तर हेडर. थोडक्यात, स्टारबोर्डवर आकडा वाढला तर चांगलं, पोर्टवर कमी झाला तर चांगलं. प्रत्येक दोन-तीन अंशांना टॅक करू नका. टॅकचा खर्च वसूल व्हायला निदान पाच अंश तरी हवेत, आणि हेडर दहा-पंधरा सेकंद टिकला पाहिजे. बऱ्याचदा तो एका झुळकेचा धक्का असतो आणि टॅक पूर्ण होईपर्यंत संपलेला असतो.

दुसरा प्रकार एकाच दिशेने सरकत जाणारा वारा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते मुंबई बंदरात हिवाळ्यात रोज दिसतात. सकाळी जमिनीकडून, ईशान्येच्या अंगाने मतलई वारा असतो. दुपारच्या सुमारास तो पडतो, पाणी तेलासारखं सपाट होतं. मग समुद्राकडून खारा वारा उठतो आणि दुपार सरताना उजवीकडे, वायव्येकडे झुकत जातो.

असा वारा उजवीकडे सरकत असेल तर हेडर आला म्हणून टॅक करायचा नाही. उलट आधी पोर्ट टॅकवर उजव्या बाजूला जायचं, हेडर खात खात. वारा पुरता फिरला की टॅक करून स्टारबोर्डवर मोठ्या लिफ्टने मार्ककडे यायचं. झोके घेणाऱ्या वाऱ्याचा नियम इथे लावला तर तुम्ही लिफ्टच्या मागे लागून डावीकडे जात राहता, आणि जिना उजवीकडे फिरतो तेव्हा तळाच्या पायरीवर सापडता.

तेव्हा सुरुवातीच्या आधीचे आकडे एकदाच घेऊन भागत नाही. शर्यतीच्या चाळीस मिनिटं आधी, वीस मिनिटं आधी आणि पाच मिनिटं आधी असे तीनदा घ्या. 295, 302, 310 असे आकडे आले तर वारा सरकतोय. 305, 318, 307 आले तर झोके घेतोय. दोन्ही एकत्रही असतात: झोके घेत घेत उजवीकडे सरकणारा वारा. तेव्हा झोक्यांप्रमाणे टॅक करा, पण जराशी शंका आली की उजवीकडे राहा.

मुंबई बंदराची एक खास गोष्ट. वायव्येचा वारा शहरावरून, कुलाब्याच्या उंच इमारतींवरून उतरून बंदरात येतो. म्हणून शहराच्या किनाऱ्याजवळ तो तुटक, झुळकांचा आणि फसवा असतो. बंदराच्या मध्याकडे तो सपाट आणि भरवशाचा. किनाऱ्याजवळ एखादी झुळूक दिसली म्हणून तिकडे धावणारा अनेकदा दोन इमारतींच्या सावलीत अडकतो.

सुरुवातीची पाच मिनिटं

क्रम असा: पाच मिनिटं आधी वर्गाचं निशाण वर, चार मिनिटं आधी तयारीचं निशाण वर, एक मिनिट आधी तयारीचं निशाण खाली, आणि शून्यावर वर्गाचं निशाण खाली. सोबत भोंगा असतो, पण नियमानुसार वेळ निशाणावरून धरायची. भोंगा कधी उशिरा वाजतो, कधी वाजतच नाही. घड्याळ निशाणावर लावा आणि चार मिनिटांच्या निशाणाला पुन्हा जुळवा.

सुरुवातीची रेषा म्हणजे शर्यत चालवणाऱ्या समितीच्या बोटीपासून पिनपर्यंतची, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या बोयापर्यंतची काल्पनिक रेषा. ती वाऱ्याला अगदी काटकोनात क्वचितच असते. शंभर मीटरच्या रेषेत पाच अंशांचा तिरपेपणा असेल तर एक टोक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ नऊ मीटर पुढे असतं, म्हणजे दोन बोटी. दहा अंश असेल तर सतरा मीटर. शर्यत सुरू होण्याआधीच चार बोटी पुढे!

कुठलं टोक पुढे हे बघायची सोपी पद्धत: रेषेच्या मध्यावर जा, मेनशीट, म्हणजे शीड ओढायची दोरी, सोडा, बोटीचं नाक बरोबर वाऱ्यात धरा. शीड बोटीच्या मधोमध फडफडलं की नाक नीट वाऱ्यात आहे. आता नाक ज्या टोकाकडे जास्त झुकलेलं दिसतं ते टोक फायद्याचं. हे शेवटच्या दोन मिनिटांत पुन्हा एकदा करा, कारण मधल्या काळात वारा फिरलेला असतो.

पण पुढचं टोक मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. तिथे गर्दी असते. वीस बोटींमध्ये पहिल्या दोघांना त्या टोकाचा फायदा होतो, पुढचे सहा त्यांच्या खराब वाऱ्यात अडकतात. ज्याला अजून गर्दीत बोट धरून ठेवता येत नाही, त्याने त्या टोकापासून रेषेच्या पाव भागावर, मोकळ्या हवेत सुरुवात करावी. दोन-तीन मीटर कमी मिळतील, पण वारा आपला राहील.

रेषा नेमकी कुठे आहे हे मध्यावरून कळत नाही. माणसं घाबरून मागे राहतात, त्यामुळे रेषेच्या मध्यभागी बोटींची झोळी पडते. कधी एक, कधी दोन-तीन बोटींच्या लांबीइतकी. या झोळीचा फायदा उठवायचा तर आधी खूण ठरवा. समितीच्या बोटीच्या बाहेर, रेषेच्या लांबणीवर उभे राहा आणि पिनच्या मागे किनाऱ्यावर काय दिसतं ते बघा: एखादी चिमणी, दीपस्तंभ, बेटाचं टोक. सुरुवातीच्या वेळी पिन आणि ती खूण एका रेषेत आली की तुम्ही बरोबर रेषेवर आहात. खूण पिनच्या डावी-उजवीकडे किती सरकली यावरून किती मागे आहात तेही कळतं.

शेवटच्या मिनिटात तुमच्या खालच्या बाजूला, म्हणजे वाऱ्यापासून लांब, दोन बोटींची जागा राखा. मेनशीट थोडं ओढून नाक वर, म्हणजे वाऱ्याकडे, करत राहिलात की ती जागा तयार होते. सुरुवातीच्या सुमारे आठ सेकंद आधी त्या जागेत नाक जरा खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, पाडून शीड ओढायचं, बोट पळू लागते. थांबलेली आयएलसीए चार नॉटला, म्हणजे सेकंदाला दोन मीटरला, येईपर्यंत मधल्या वाऱ्यात साधारण तेवढा वेळ घेते आणि दहा मीटर खाते. आपला आकडा प्रत्येकाने स्वतः मोजावा, कारण वजन आणि वाऱ्याप्रमाणे तो बदलतो. खालची जागा नसेल तर नाक पाडता येत नाही, बोट उभ्या-उभ्या रेषेवर येते आणि शेजारचे दोन्ही बाजूंनी निघून जातात.

समितीच्या बोटीपाशी एक जुनी चूक घडते: वरून तिरकं येऊन बोट आणि रांगेतल्या पहिल्या माणसाच्या मध्ये घुसणं. खाली असलेल्या बोटीला पुढे जायचा हक्क असतो, आणि मोकळ्या पाण्यात असलेल्या सुरुवातीच्या मार्कला जागा मागता येत नाही. खालचा दार लावतो, वरचा समितीच्या बोटीवर आदळतो किंवा पुन्हा फेरी मारतो.

वेळेआधी रेषा ओलांडली तर एक्स निशाण लागतं. परत मागे येऊन पुन्हा सुरुवात करा. यू निशाण असेल तर शेवटच्या मिनिटात रेषेची दोन टोकं आणि पहिला मार्क यांच्या त्रिकोणात नुसतं सापडलात तरी बाद, परत यायची सोय नाही. म्हणून शर्यतीच्या सूचना आणि तयारीचं निशाण दोन्ही नीट वाचा.

मोकळी हवा

प्रत्येक शिडामागे वाऱ्याची सावली पडते. खालच्या दिशेला ती डोलकाठीच्या उंचीच्या सहा ते दहा पट लांब जाते, जवळ असताना सगळ्यात जाचक. आयएलसीएची डोलकाठी साधारण सहा मीटरची, म्हणजे चाळीस-पन्नास मीटरपर्यंत त्रास. शिवाय पुढच्या बोटीच्या शिडावरून वळलेला वारा तिच्या थोड्या वरच्या मागच्या बाजूलाही खराब होतो, म्हणून कुणाच्या अगदी मागे जरा वर चालणं दिसायला सुरक्षित, प्रत्यक्षात घातक.

खराब वाऱ्यात आहात हे ओळखायची खूण म्हणजे शिडावरचे लोकरीचे धागे. वरच्या बाजूचा धागा सारखा उचलतोय तर तुम्ही वाऱ्यात जास्त वर धरताय, नाक जरा खाली घ्या. खालच्या बाजूचा लोंबतोय किंवा मागे-पुढे होतोय तर नाक जरा वर घ्या किंवा शीट थोडी सोडा. दोन्ही नीट मागे वाहत असूनही बोट मंदावली असेल तर वर बघा: कुणीतरी तुमचा वारा अडवलाय. सुरुवातीनंतर तीस सेकंदांत असं जाणवलं तर वाट बघत बसू नका. पहिली फट दिसताच टॅक करा, दोन-तीन बोटींच्या मागून जावं लागलं तरी चालेल.

पोर्टवर असताना समोरून स्टारबोर्डवाली बोट आली तर हक्क तिचा. तिच्या मागून जायचं ठरवलं तर लवकर ठरवा. शीट आधी सोडा, वजन आत घ्या, नाक हळूच पाडा, वेग वाढवून तिच्या शेपटाजवळून वर काढा. नीट केलं तर एक बोटीची लांबी जाते. शेवटच्या क्षणी सुकाणू खसकन ओढलं तर सुकाणू ब्रेकचं काम करतं आणि तीन जातात. तिच्या पुढे जाऊन खालून टॅक करायचा पर्यायही असतो, म्हणजे तुमचा वापरलेला वारा तिला मिळतो. पण तुमचं टॅक पूर्ण होईपर्यंत तिला बाजूला व्हावं लागलं तर चूक तुमची.

चूक झाली, म्हणजे हक्क असलेल्या बोटीला वाट बदलायला लावली, तर लगेच गर्दीपासून बाजूला होऊन दोन फेऱ्या घ्यायच्या: दोन टॅक आणि दोन जाईब, म्हणजे शेपूट वाऱ्यातून फिरवून घेतलेली वळणं. मार्कला धक्का लागला तर एकच फेरी.

कोपऱ्यात लवकर जाऊ नका

ज्या रेषेवरून एकाच टॅकवर थेट वरचा मार्क गाठता येतो ती लेलाइन. ती लवकर धरणं नुकसानीचं, आणि कारण जिन्यातच आहे. लेलाइनवर असताना लिफ्ट आली तर तुम्ही मार्कच्या वर जाता, जादा काढलेली चढण वाया. हेडर आला तर मार्क गाठत नाही, आणि आतल्या सगळ्या बोटी पायऱ्यांवर तुमच्या पुढे जातात. वारा कसाही फिरला तरी हरायचंच. अर्धं अंतर तरी राहेपर्यंत मधल्या भागात राहा, लेलाइन शेवटच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये धरा.

मार्कभोवती तीन बोटींच्या लांबीचा, आयएलसीएसाठी सुमारे साडेबारा मीटरचा, एक घेरा धरतात. स्टारबोर्डच्या लेलाइनवर बोटींची रांग लागलेली असते. तुम्ही पोर्टवर त्या घेऱ्यात येऊन टॅक केला आणि आधीपासून स्टारबोर्डवर असलेल्या बोटीला टक्कर टाळायला जास्त वर जावं लागलं, तर तुम्ही दोषी. म्हणून पोर्टवरून येणाऱ्याने घेऱ्याच्या बराच बाहेर, रांगेतली फट बघून टॅक करावा.

खाली येताना

वाऱ्याबरोबर खाली येताना सावली उलटी पडते: मागचे तुमचा वारा खातात. सारखं मागे बघा आणि मोकळ्या पट्ट्यात राहा. पाण्यावर गडद सुरकुत्या म्हणजे झुळूक, तिच्यात शिरा आणि तिच्याबरोबर जास्तीत जास्त वेळ राहा. खालच्या मार्कजवळ आतली बाजू महत्त्वाची. घेऱ्यात शिरताना तुमची बोट शेजारच्या बोटीशी आतून ओव्हरलॅप असेल, म्हणजे तुमचं नाक तिच्या शेपटाच्या रेषेपुढे असेल, तर तिला तुम्हाला मार्कसाठी जागा द्यावीच लागते. वळताना मार्कपासून लांबून शिरा, जवळून निघा. उलटं केलं तर बाहेर पडताना मागचा तुमच्या वर जाऊन बसतो.

ओढ: इथे मुंबईकरांची कसोटी

वाऱ्याइतकाच हिशेब पाण्याचा. एक नॉटचा प्रवाह म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर, मिनिटाला 31 मीटर. सुरुवातीच्या शेवटच्या मिनिटात एक नॉटची ओढ तुम्हाला सात बोटींच्या लांबीइतकी रेषेच्या पुढे किंवा मागे नेऊ शकते. प्रवाह रेषेच्या पुढे ढकलत असेल तर सगळा ताफा वेळेआधी ओलांडतो आणि सामूहिक माघारीचं निशाण लागतं. तेव्हा मागे राहा. प्रवाह मागे ओढत असेल तर रेषेच्या अगदी जवळ उभे राहा, नाहीतर शेवटी ती गाठताच येणार नाही.

सगळीकडे प्रवाह सारखा असेल तर सगळे सारखेच वाहतात. फरक पडतो तो वेगवेगळ्या जागी वेगळा असतो तेव्हा. खोल मार्गात पाणी जोरात, उथळ भागात हळू, आणि भरती-ओहोटी फिरते तेव्हा उथळ कडेला आधी फिरते. मुंबईत उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, निम्म्याहून कमी. उधाणाच्या दिवशी खोल मार्गात ओढ दोन नॉट किंवा त्याहून जास्त असते.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत अजून उपयोगी पडते: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट म्हणजे सहा, भरती सहाच्या सुमाराला. हा अंदाज झाला. शर्यतीसाठी भरतीचा तक्ता बघाच, पण किनाऱ्यावर उभं राहून पंचांग आठवलं की दिवसाची ओढ कशी असेल याचं चित्र लगेच डोळ्यांपुढे येतं.

प्रत्यक्ष ओढ मोजायची तर नांगरलेल्या मार्कजवळ अर्धी भरलेली पाण्याची बाटली सोडा, तीस सेकंद मोजा आणि किती लांब गेली ते बोटीच्या लांबीने मापा. पंधरा मीटर गेली तर एक नॉट. बाटली उचलून घ्या. नांगरलेली मोठी जहाजंही सांगतात: वारा फार नसेल तर त्यांचं नाक ओढीकडे असतं. कोळ्यांच्या जाळ्यांवरचे तरंगते पिंप एका बाजूला कलून मागे पाण्याची शेपटी काढत असतील तर तिथे ओढ जोरात आहे. त्या पिंपांपासून बोट लांब ठेवा, डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीखालची उभी फळी, जाळ्यात अडकला तर शर्यत तिथेच संपते.

मुंबई बंदरात एक नेहमीचा प्रसंग असा: दुपारी वायव्येचा वारा, ओहोटी दक्षिण-नैऋत्येकडे, खुल्या समुद्राच्या दिशेने. मार्ककडे तोंड केलं की ओढ डावीकडे आणि थोडी मागे. ज्यांनी डावी बाजू धरली त्यांना परत येताना पोर्ट टॅकवर जवळजवळ उत्तरेकडे, ओढीच्या तोंडावर यावं लागतं. चार नॉटची बोट तिथे तीनवर किंवा दोनवर येते. उजवीकडून स्टारबोर्डवर येणाऱ्यांना ओढ खाली ढकलते, म्हणून त्यांनी लेलाइनच्या थोडं पुढे जाऊन टॅक करावा, नाहीतर शेवटच्या तीस मीटरांत दोन जादा टॅक पडतात. भरती सुरू झाली की सगळं उलटं. म्हणूनच भरती-ओहोटी फिरण्याच्या वेळेला पडणारी शर्यत सगळ्यात अवघड, आणि बंदर ओळखणाऱ्याला सगळ्यात लाभाची.

एका शर्यतीपेक्षा मालिका

पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे गुण असतात. ज्याचे कमी तो जिंकतो. बहुतेक मालिकांत सगळ्यात वाईट निकाल वगळतात. पंधरा बोटींच्या ताफ्यात बाद झालेल्याला सोळा गुण. समजा एकाचे निकाल 1, 1, 14, 2, बाद, 3. सोळा वगळले तरी 21. दुसऱ्याचे 4, 3, 5, 3, 4, 6. सहा वगळून 19. एकही शर्यत न जिंकता दुसरा वर. म्हणून पिनपाशी जुगार खेळायचा की पावभर आत सुरुवात करायची, हा निर्णय मालिकेच्या गुणांकडे बघून घ्या.

सराव

सरावाला ताफा लागत नाही. एका बोयाशेजारी बोट एक मिनिट थांबवून धरा, मार्कपासून दोन मीटरच्या आत, फक्त शीट आणि सुकाणूवर. हे जमलं की सुरुवात निम्मी जमली. मग त्याच बोयापासून तीस सेकंदांवर उभे राहून बरोबर वेळेला पूर्ण वेगात पोचायचा प्रयत्न करा, दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी किती सेकंद चुकलं ते लिहा.

दहा मिनिटांत वीस टॅक करा. शरीराने बोट वाऱ्याकडे झुकवून, पलीकडे जाऊन सपाट करण्याला रोल टॅक म्हणतात. तो नियमात बसतो, पण टॅकमधून बाहेर पडताना वेग टॅकशिवाय राहिला असता त्याहून जास्त झाला तर नियम 42, म्हणजे शरीराने बोट पळवण्यावरची बंदी, मोडतो.

जोडीदार मिळाला तर दोन बोटी चार-पाच लांबींच्या अंतराने शेजारी चालवा आणि एकाने एका वेळी एकच गोष्ट बदला: व्हँग, कनिंगहॅम किंवा आउटहॉल, या शिडाचा आकार बदलणाऱ्या तीन दोऱ्यांपैकी एक. शिडाची खालची कड बूमच्या, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्याच्या, मध्यावर बूमपासून किती लांब आहे हे बोटांनी मोजा. मधल्या वाऱ्यात चार बोटं ते वीतभर, वारा वाढला की कमी. तीन मिनिटांत कोण पुढे गेलं ते बघा, मग अदलाबदल करा. एकाच वेळी दोन दोऱ्या ओढल्या तर फरक कशाने पडला हे कधीच कळणार नाही.

आपल्या बंदरात घडलेले खलाशी किती पुढे जाऊ शकतात याचं उदाहरण समोर आहे. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोड या लष्कराच्या केंद्रात सराव केलेल्या विष्णू सरवणनने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए 7 मध्ये कांस्य मिळवलं, आणि टोकियो व पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये तो उतरला. त्याच आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने आयएलसीए 4 मध्ये, म्हणजे त्याच बोटीच्या लहान शिडाच्या वर्गात, रौप्य आणलं.

शर्यतीनंतर बोट धुण्याआधी वहीत पाच ओळी लिहा: सुरुवातीच्या आधीचे होकायंत्राचे तीन आकडे, पुढचं टोक कुठलं होतं, पहिल्या चढणीत ताफ्याच्या कुठल्या बाजूला होतात, ओढ किती आणि कुणीकडे, आणि सगळ्यात जास्त मीटर कुठे गेले. उद्या त्याच वेळी, त्याच वाऱ्यात, त्याच पाण्यात परत उतरायचं असतं.